अडुळशाचा काढा आणि केमिस्टकडचं सिरप, एकच का?

घोडबंदरकर:
तीन आठवडे झाले खोकला हटत नाहीये. आमच्याकडे चहूबाजूंनी टॉवरची कामं, सकाळी पुसलेल्या गॅलरीत दुपारी बोटाने नाव लिहा. आई गावाहून आलीय, तिने सोसायटीच्या कंपाउंडपाशी अडुळसा हेरला आणि तेव्हापासून घरात पातेलं चुलीवरून उतरत नाही, मला एक कप, बाबांना एक, बायकोला सातवा लागलाय तर तिला अर्धाच. पण केमिस्टने दिलेल्या सिरपवर अँब्रोक्सॉल लिहिलंय आणि ऑफिसातला एक जण म्हणतो ते अडुळशाचंच असतं. खरंय का? मग पैसे कशाला घालवायचे, पानं फुकट आहेत.

खारघरचा फार्मावाला:
अर्धं खरं. पानात व्हॅसिसीन नावाचं अल्कलॉइड असतं, ते १८८८ मध्येच वेगळं काढलं गेलं. श्वासनळ्या सैल करण्याचं काम मुख्यतः त्याचं आणि त्याच्या भावंडाचं, व्हॅसिसिनोनचं. पुढे व्हॅसिसीनचा रेणू समोर ठेवून ब्रोमहेक्झिन हे औषध घडवलं, आणि ब्रोमहेक्झिन पोटात गेलं की शरीर त्याचं जे जे करतं त्यातलंच एक म्हणजे तुमचं अँब्रोक्सॉल. म्हणजे नातू म्हणा, पण जन्म कारखान्यातला, पान कोणी पिळत नाही. दोघांचं काम एकच समजू नका, अँब्रोक्सॉल चिकट कफ पातळ करतं. आणि बाटलीवर ५ मिलीत किती मिलिग्रॅम ते छापलेलं असतं, पातेल्यात किती उतरलं ते कोण सांगणार? झाडागणिक, ऋतूगणिक फरक पडतो.

कळव्याची काकू:
अरे उकळून उकळून चोथा करतात लोक. अडुळशाची कच्ची पानं कुटलीस तर रस धड निघत नाही, केळीच्या पानात बांधून वाफवायची आणि गरम असतानाच पिळायची, वैद्य लोक पुटपाक म्हणतात तो साधारण हाच. वरून मध. कडू म्हणजे किती, तर बकरीसुद्धा तोंड लावत नाही, तिला कळतं :)

ऐरोली_सिस्टर:
अहो थांबा, सातवा महिना कोणी वाचलाच नाही का?? हेच व्हॅसिसीन गर्भाशय आकुंचन पावायला लावतं. जम्मूच्या रीजनल रिसर्च लॅबोरेटरीत त्यावर कामही झालंय आणि १९८० च्या सुमाराचं त्यांचं लिखाण आहे, अर्धा कप असो की चमचा, गरोदर बाईला अडुळसा नाही. आजच बंद करा आणि तिच्या डॉक्टरांना आत्ता फोन करून सांगा की किती दिवस घेतला. आणि तुमचं स्वतःचं काय चाललंय, दोन आठवड्यांच्या वर खोकला गेला की थुंकी तपासायची असते, टीबीसाठी, सरकारी दवाखान्यात फुकट होते. काढा नि सिरपचं भांडण नंतर.

घोडबंदरकर:
सिस्टर, थँक्यू, वाचून हातपाय गार पडले. डॉक्टरांशी बोललो, चार दिवस घेतला होता. पोट कडक होतंय किंवा दुखतंय असं काही नाहीये तिला, तरी उद्या बोलावलंय आणि काही वाटलं तर रात्रीच या म्हणाले. आईला सांगितलं तर गप्पच झाली, मग म्हणे पोटुशीला देत नाहीत हे माझी आजी सांगायची, लक्षातूनच गेलं बघ. माझा थुंकीचा डबा आणलाय, सकाळचा पहिला कफ द्यायचाय. काकू, आई आता विचारतेय जांभळी नाक्याला केळीची पानं रोज मिळतात का. बाबांसाठी.