अपील की नवा अर्ज?

ब्रिटनचा स्पाउस व्हिसा (तिथल्या नवऱ्याकडे किंवा बायकोकडे राहायला जायचा व्हिसा) नाकारला की लगेच अपील ठोकावं, असा सल्ला वाचला. मला सरसकट पटत नाही. आधी नकाराचं पत्र शांतपणे दोनदा वाचा.

कागदच कमी पडला असेल, तर नवा अर्ज बहुधा लवकर सुटतो. माझ्या भाचेसुनेचं तेच झालं. भाच्याचा पगार पुरेसा होता, पण सहा महिन्यांच्या पेस्लिपांपैकी एका महिन्याची रक्कम बँक स्टेटमेंटशी जुळेना. चूक आमचीच! फी पुन्हा भरावी लागली, ते दुखलंच. आणि नव्या अर्जाला तो करता त्या दिवशीचे नियम लागतात, हे विसरू नका: ११ एप्रिल २०२४ पासून वार्षिक उत्पन्नाची अट १८,६०० वरून २९,००० पौंडांवर गेली आहे.

पण ‘तुमचं नातं खरं वाटत नाही’ असा शेरा असेल, तर मात्र अपीलच करा. तो शेरा तसाच सोडला तर पुढच्या अर्जातही आडवा येतो. भारतातून अर्ज केला असेल तर निर्णय मिळाल्यापासून २८ दिवसांत फर्स्ट-टियर ट्रायब्युनलकडे (अशी अपिलं ऐकणाऱ्या तिथल्या न्यायाधिकरणाकडे) जायचं. फी सुनावणीसह १४० पौंड, नुसत्या कागदांवर ८०. मी सुनावणीच घेईन. नवऱ्याला तिथे न्यायाधीशांसमोर स्वतः बोलता येतं.