योम किप्पूर आणि मृत माणसाचे देणे

प्रश्न: दिवंगत चुलत्यांकडून उसने घेतलेले पैसे मी त्यांच्या हयातीत फेडले नाहीत; योम किप्पूरचा, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, उपास आणि प्रार्थना केल्याने हा दोष फिटतो का?

उत्तर १: नाही. माणसामाणसांतील अपराध, दुखावलेल्याची समजूत घातल्याशिवाय त्या दिवसाने फिटत नाही, असे मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या प्राचीन संग्रहाच्या योमा या भागात म्हटले आहे. १२व्या शतकातील ज्यू धर्मपंडित मैमोनिदीस सांगतात, की दहा जणांना कबरीपाशी नेऊन त्यांच्यादेखत अपराध कबूल करावा आणि देणे वारसांना द्यावे.

उत्तर २: आधी वारसांना गाठावे, असे मला वाटते, दहा माणसे जमवणे त्या मानाने सोपे.

प्रश्नकर्ता: चुलतबहिणीला आजच फोन करतो. रक्कम तिला ठाऊकच नसावी, ही मात्र अडचण आहे.