मदत हवी आहे: गच्चीत विटांचे वाफे की ग्रो बॅग? (रविवारच्या आत ठरवायचंय)

अडलाहरी:
नमस्कार मंडळी, थोडक्यात लिहितो. गच्चीत भाजी लावायची आहे. विटांचे दोन वाफे बांधून घेऊ की ग्रो बॅगा (माती भरून रोपं लावायच्या पिशव्या) आणू? रविवारी गवंडी येतोय, ५०० विटा सांगून ठेवल्यात. वांगी, टोमॅटो, मिरचीची मिळून ४० रोपं आणून आठ दिवस झाले. ट्रेमध्येच आहेत, खालची पानं पिवळी पडायला लागली. यूट्यूबवर रोज वेगळंच ऐकायला मिळतं. कृपया 'वाफा' किंवा 'बॅग' एवढंच सांगा.

पडवळ:
एवढंच कसं सांगणार? गाव कुठलं? वाफा केवढा? आणि ऊन किती तास?

काकू६२:
दोन्ही नको. मी नऊ वर्षं रंगाच्या २० लिटरच्या बादल्या वापरतेय. आमचा रंगारी फुकट देतो. भोकं तळाला पाडण्यापेक्षा कडेला, तळापासून बोटभर वर पाडा, म्हणजे फरशीला टेकून बुजत नाहीत. एका बादलीत एक वांगं. तळाला विटांचे तुकडे घालायला विसरू नका, निचरा चांगला होतो.

निंबोळी:
भांडं कुठलंही चालतं, खरी गोष्ट जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्राचं पातळ खत. १० किलो देशी गायीचं शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, मूठभर बांधावरची माती, २०० लिटर पाणी. दोन दिवस सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ ढवळा.

उगाचच:
निंबोळीताई, हे प्रमाण एकराचं आहे. २०० लिटरचं पिंप गच्चीत ढवळलं तर सोसायटी ह्यांनाच ढवळून काढेल.

अडलाहरी:
पुणे. वाफे ८ बाय ४, दीड फूट उंच. ऊन भरपूर. जीवामृत नंतर बघू. वाफा की बॅग?

मृणाल_डॅलस:
आमच्याकडे सगळे सीडरच्या फळ्यांचे वाफे करतात. बॅकयार्डमध्ये तळ नसलेली चौकट ठेवायची आणि माती भरायची. आमची सात वर्षं टिकली आहे. तुम्हीही लाकडाचा विचार करा ना!

उगाचच:
पुण्यात सीडर कुठून आणायचं? इथे मिळतं पॅकिंगच्या पॅलेटचं पाइन. माझं दुसऱ्याच पावसाळ्यात कुजलं, उरलेलं वाळवीने नेलं. तरी कुणाला पॅलेट वापरायचेच असतील तर शिक्का बघा. 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेलं, ते चालेल. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते भाजीला नको.

स्थापत्य:
अडलाहरी, ही गच्ची इमारतीची आहे की फ्लॅटला लागून? खाली काय आहे?

हिशेब सांगतो. ८ गुणिले ४ गुणिले दीड म्हणजे ४८ घनफूट. ओली माती घनफुटाला ४५ ते ५० किलो भरते. म्हणजे एका वाफ्यात सव्वादोन टन, विटा वेगळ्या. वावरायच्या गच्चीसाठी आयएस ८७५ मध्ये (इमारतीवरच्या भाराचं भारतीय मानक) चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरतात, म्हणजे चौरस फुटाला १४. तुमचा जातो ७० च्या पुढे. पावसाळ्यात माती महिनोन्महिने ओलीच राहणार.

अडलाहरी:
टेरेस फ्लॅट आहे, तिसरा मजला. खाली दुसऱ्यांची बेडरूम. मागच्या पावसाळ्यात त्यांच्या छताला ओल आली होती म्हणून आम्ही वरून टाइल्स बसवून घेतल्या. पण तो विषय वेगळा आहे.

पडवळ:
अहो, तोच तर विषय आहे! आणि ऊन किती तास ते अजून सांगितलं नाहीत.

काकू६२:
बाई बाई. म्हणून बादल्या.

स्थापत्य:
टाइल्स म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. त्यावर सिमेंटने वाफा बांधला तर गळती नेमकी कुठून आहे ते शोधायला उद्या वाफाच फोडावा लागेल. आधी कोबा (गच्चीवरचा पाणी अडवणारा थर) आणि पाणी बाहेर जाण्याची तोंडं तपासून घ्या.

पानमळा:
वाफ्याचा हट्टच असेल तर सिमेंट न लावता विटा नुसत्या मांडा, ८ इंच उंच. आत माती जवळजवळ नको. वाळका पाला, रसवंतीवरची उसाची चिपाडं, वर शेणखत आणि जुनं कंपोस्ट. मातीच्या निम्म्याहून हलकं होतं. मेथी, पालक, कोथिंबिरीला ८ इंच भरपूर झाले. पाला बसत जातो, दर दोन महिन्यांनी वरून भर घालावी लागते. हे काम कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतोय.

फळभाजीला बॅगच बरी. १२ बाय १२ इंचाच्या बॅगेत २२ लिटर माल मावतो, मिरची-वांग्याला पुरतो. टोमॅटोला १५ बाय १५ घ्या. भिंतीच्या कडेने ठेवा, प्रत्येकीखाली दोन विटा, मध्ये फट, म्हणजे खालची फरशी वाळते. पन्हाळीकडचा उतार अडवू नका.

आणि काकू, माफ करा, तळाला तुकडे घालून निचरा वाढत नाही. पाणी त्या थराच्या वरच अडून राहतं, मुळांना जागा तेवढी कमी होते. भोक बुजू नये म्हणून एक खापरी पुरे.

काकू६२:
माझी वांगी बघायला या एकदा. पुस्तकातलं पाणी अडत असेल, माझ्या बादलीतलं वाहतं.

निंबोळी:
कोकोपीटबद्दल (मातीत मिसळायचा नारळाच्या काथ्याचा भुसा) कुणीच कसं बोललं नाही? धुऊन घेतलं नाही तर खारटपणा राहतो.

उगाचच:
कारण कुणी विचारलंच नाही.

अडलाहरी:
बरं. गवंड्याला नको म्हणून कळवलं. तो म्हणतो "साहेब, काही होत नाही, मी दहा ठिकाणी बांधलेत." पण विटा आजच आल्या, कामगारांनी गच्चीत मधोमध रचून ठेवल्यात. रविवारी बघतो त्यांचं काय करायचं ते.

स्थापत्य:
रविवारी नाही, आज! एक वीट तीन किलो धरा, म्हणजे ५०० विटांचा दीड टन एका जागी उभा आहे. खाली तुळई असेल तिकडे, भिंतीलगत एकेक थर पसरून ठेवा.

मृणाल_डॅलस:
बापरे. इथे कधी गच्चीचा विचारच करावा लागला नाही.

काकू६२:
१०० विटा मला हव्यात, तुळशीकट्ट्याला. कोथरूडला आणून देता का? पैसे देईन.

अडलाहरी:
विटा हलवल्या, कंबर गेली. काकू, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. पानमळा, १२ च्या २० आणि १५ च्या १० बॅगा मागवल्यात. पडवळ, ऊन सकाळी आठपासून असतं. अकरानंतर शेजारची बिल्डिंग आड येते.

पडवळ:
म्हणजे तीन तास. टोमॅटोला किमान सहा लागतात. १५ च्या दहा बॅगा रद्द होतात का बघा. पालक, अळू, पुदिना लावा.

अडलाहरी:
आणि ती ४० रोपं?

काकू६२:
विटांबरोबर घेऊन या.