मदत हवी आहे : क्रूझवर केबिनची रोजची साफसफाई किती महत्त्वाची? (आज रात्रीपर्यंत ठरवायचंय)

सांजवारा
नमस्कार मंडळी. घाईत आहे, थेट विचारते. दोन क्रूझमधली एक पक्की करायची आहे आणि एजंटने आज रात्रीपर्यंतच केबिन धरून ठेवली आहे. मार्ग जवळपास सारखा, केबिन सारखीच. पहिल्या जहाजावर केबिन सकाळ-संध्याकाळ दोनदा आवरून देतात. दुसऱ्यावर आमच्या प्रकारच्या केबिनला एकदाच, तेही सकाळ की संध्याकाळ ते आपण सांगायचं. दुसरी बरीच स्वस्त पडते. नवरा म्हणतो, घरी कोण येतं दोनदा आवरायला, स्वस्तातली घे. मला मात्र सुट्टीत केर-पसारा बघायचा नाहीये. ज्यांनी क्रूझ केली आहे त्यांनीच सांगा. "ज्याची त्याची आवड" असली उत्तरं कृपया नकोत.

डेक_सात
किती जण? किती रात्री? बाल्कनी आहे की आतली केबिन? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

काठावरचा
दोनदा आवरणं ही निव्वळ चैन आहे. पूर्वी जवळपास सगळ्या मोठ्या जहाजांवर ती पद्धत होती. सकाळी पलंग-बाथरूम आणि संध्याकाळी आपण जेवायला गेलो की टर्नडाउन, म्हणजे पडदे ओढणं, चादर उलगडून ठेवणं, ओले टॉवेल बदलणं, कचरा नेणं. २०२० मध्ये जहाजं बंद पडली आणि परत सुरू झाल्यावर बऱ्याच कंपन्यांनी ही संध्याकाळची फेरी काढून टाकली. नॉर्वेजियनने २०२३ च्या सुरुवातीला बहुतेक केबिनना एकच वेळ ठेवली, मोठ्या स्वीटवाल्यांची सेवा तशीच राहिली. लोकांनी आठवडाभर आरडाओरडा केला आणि मग विसरले. आम्ही दोघं तर कधीकधी दिवसभर दाराला "त्रास देऊ नका"ची पाटी लावून ठेवतो. काही बिघडत नाही. स्वस्तातली घ्या.

पुष्पौषधी
सांजवारा, केबिन आवरण्यापेक्षा केबिन कुठे आहे ते आधी बघ. जहाजाच्या मध्यावर, खालच्या डेकवर हलणं सगळ्यात कमी जाणवतं. पुढच्या टोकाची वरची केबिन चुकूनही घेऊ नकोस. मळमळीची गोळी त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते, नंतर घेऊन फारसा उपयोग होत नाही. डॉक्टरांना विचारून आत्ताच आणून ठेव.

सांजवारा
पुष्पौषधीताई, धन्यवाद, पण माझा प्रश्न वेगळा आहे. दोन्हीकडे मध्यावरचीच केबिन मिळते आहे.
डेक_सात, सात रात्री, आतली केबिन, खिडकी-बाल्कनी काही नाही.

डेक_सात
आणि किती जण?

हिशेबी
इथे कुणी मुद्द्याचं बोलत नाहीये. टिपा दर माणशी, दर दिवशी बिलात लागतात. दोनदा आवरत होते तेव्हाही लागायच्या, आता एकदा आवरतात तरी तेवढ्याच, उलट वाढल्यात. एका केबिनमध्ये जितकी डोकी तितक्या पट पैसे. लहान मूलसुद्धा त्यातून सुटत नाही बहुतेक ठिकाणी. सेवा निम्मी आणि पैसे पूर्ण, हे मला पटत नाही. कित्येक जहाजांवर गेस्ट सर्विसेसला जाऊन ती रक्कम कमी करून मागता येते. मागा.

शिडाचीहोडी
हिशेबी, हा सल्ला कृपया देऊ नका. ती रक्कम एकट्या केबिन आवरणाऱ्याची नसते. जेवणघरातले, पडद्यामागचे, लाँड्रीतले, अशा कितीतरी लोकांत ती वाटली जाते. संध्याकाळची फेरी बंद करायचा निर्णय कंपनीचा. तुम्ही टिप कापली की भुर्दंड पडतो तो सहा-सात महिने घर सोडून राहिलेल्या माणसाला. राग असेल तर कंपनीला पत्र लिहा.

हिशेबी
मग पगार कंपनीने द्यावा. तो माझ्या बिलात वेगळा का?

शिडाचीहोडी
तो वाद रास्त आहे, पण तो केबिनच्या दारात उभ्या असलेल्या पोराच्या खिशावर का लढायचा?

माजी_खलाशी
मी जहाजावर हाऊसकीपिंगमध्ये बरीच वर्षं होतो, म्हणून लिहितो. सागरी कामगार करार म्हणून २००६ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, तो २० ऑगस्ट २०१३ पासून लागू झाला. त्यात २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती द्यावीच लागते. ही १० तासांची विश्रांती जास्तीत जास्त दोन तुकड्यांत देता येते आणि त्यातला एक सलग किमान ६ तासांचा हवा. सकाळची फेरी, दुपारी थोडी सुट्टी, परत संध्याकाळची फेरी असं आमचं चक्र त्या नियमात बसवलेलं असायचं. आमच्याकडे संध्याकाळची फेरी बंद झाली तेव्हा माणसाला आराम मिळाला नाही, एकेकाच्या वाट्याच्या केबिन वाढवल्या. त्यामुळे "एकदाच आवरतात म्हणजे त्यांना काम कमी" असं कुणी समजू नये.
आता धाग्याचा प्रश्न. केबिनमध्ये दोघं असतील तर एकदा पुष्कळ. तिघं-चौघं असतील तर हिशेब पूर्ण बदलतो.

गुलबकावली
स्वच्छतेत तडजोड नको. जहाजावर पोटाच्या साथी येतात, बातम्यांत वाचतो आपण. दोनदा साफ करणारं जहाज घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील, आजारपण नको.

चाफेकळी
गुलबकावली, काळजी समजते, पण याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. मी संसर्ग-नियंत्रणात काम करते. जहाजावरच्या बहुतेक साथी नोरोव्हायरसच्या असतात आणि तो तुमच्या न आवरलेल्या पलंगातून येत नाही. तो येतो जिन्याच्या कठड्यावरून, लिफ्टच्या बटणांवरून, बुफेतल्या सगळ्यांनी हाताळलेल्या डावांवरून आणि आजार लपवून फिरणाऱ्या माणसांकडून. दारादारात ठेवलेलं अल्कोहोलचं सॅनिटायझर त्याच्यावर नीट चालत नाही. साबण-पाण्याने निदान वीस सेकंद हात धुणं हाच उपाय, जेवायच्या आधी आणि शौचानंतर.
जहाज अमेरिकेच्या बंदरात जाणारं असेल तर तिथल्या सीडीसीची (सरकारी आरोग्य संस्थेची) तपासणी असते, न सांगता येऊन करतात. १०० पैकी गुण देतात, ८५ किंवा कमी म्हणजे नापास. ते अहवाल कुणालाही बघता येतात. दोन्ही जहाजांची नावं टाकून बघ. किती वेळा आवरतात ते मोजण्यापेक्षा त्यातून जास्त कळेल.
आणि केबिनमध्ये कुणाला उलटी-जुलाब झालेच तर स्वतः पुसून गप्प बसू नका. लगेच फोन करा. त्यासाठी वेगळं जंतुनाशक घेऊन वेगळी माणसं येतात. रोजच्या फेरीची वाट बघायची ती गोष्टच नाही.

सांजवारा
चाफेकळी, हे खरंच माहीत नव्हतं, बघते लगेच.
बाकीच्यांनो, चौघं आहोत. मी, नवरा, चौदा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. पण चौघांनी असा काय फरक पडतो? झोपायलाच तर जायचं आहे केबिनमध्ये.

डेक_सात
अहो, हेच तर पहिल्यापासून विचारतोय! चौघांची आतली केबिन म्हणजे साधारण १५-१६ चौरस मीटर, बाथरूम धरून. खाली एक डबल किंवा दोन सिंगल, आणि उरलेले दोन पलंग छतातून किंवा भिंतीतून खाली येतात. ते उघडायचे कोणी, मिटायचे कोणी?

माजी_खलाशी
अगदी हेच. वरचे पलंग दिवसा किल्लीने बंद केलेले असतात. संध्याकाळच्या फेरीत आम्ही ते उघडायचो, शिडी लावायचो, उशा-पांघरूण ठेवायचो. सकाळी शिडी काढून परत बंद. दोनदा येण्याचं खरं काम ते होतं, उशीवरचं चॉकलेट नव्हे. एकच फेरी असेल तर बऱ्याचदा पलंग आठवडाभर उघडेच राहतात. मग खालच्या पलंगावर बसलेल्याचं डोकं वर आपटतं आणि शिडी रात्रंदिवस बाथरूमच्या वाटेत उभी. आतल्या केबिनमध्ये दिवा मालवला की मिट्ट काळोख असतो, स्वतःचा हात दिसत नाही. सासूबाई रात्री उठत असतील तर ती शिडी धोक्याची आहे.
बाथरूमचंही तेच. न्हाणी म्हणजे पडद्यामागचा एक कोपरा. चौघांच्या आंघोळी झाल्या की जमीन ओली, टॉवेल ओले, कचऱ्याची छोटी बादली दुपारीच भरलेली. टॉवेल वाळत घालायला जागा नाही, खिडकी नाही. संध्याकाळपर्यंत कुबट वास येतो.

काठावरचा
त्यात काय, जादा टॉवेल फोन करून मागवता येतात. पलंग आपले आपण ओढता येतात.

माजी_खलाशी
टॉवेल मिळतील, खुशाल मागा. पलंगाला हात लावू नका. कुलपाची किल्ली प्रवाशाकडे नसते आणि ते वजनदार असतात. बोटं चेमटलेली पाहिली आहेत मी.

गुलबकावली
मला तर संध्याकाळी टॉवेलचे हत्ती-माकडं करून ठेवतात ते फार आवडतं. मुलं खूश होतात. एकदाच येतात तिथे ते बंद झालं का?

शिडाचीहोडी
काही ठिकाणी मागितलं तरच करतात. काही जहाजांवर ते कसे करायचे याचा वर्गही असतो.

डेक_सात
धागा भरकटतोय. सांजवारा, माझा सल्ला सरळ आहे. दुसऱ्या जहाजावर जे पैसे वाचतायत त्यात भर घालून दोन आतल्या केबिन घ्या, शेजारी-शेजारी. एकीत दोघं, दुसरीत दोघं. दोन बाथरूम, वरचे पलंग लागतच नाहीत, शिडी नाही. मग दिवसातून एकदा आवरलं तरी भरपूर. दुसऱ्या फेरीपेक्षा दुसरं बाथरूम केव्हाही भारी.

हिशेबी
तिसऱ्या-चौथ्या माणसाचं भाडं एका केबिनमध्ये कमी लागतं, दोन केबिनमध्ये चौघांनाही पूर्ण भाडं. हिशेब करूनच बोला.

डेक_सात
म्हणूनच "भर घालून" म्हटलं. दोन्ही आकडे एजंटकडून मागवायला काय हरकत आहे?

सांजवारा
दोन केबिनचा विचारच केला नव्हता आम्ही. नवरा नको म्हणतोय, त्याला आई डोळ्यासमोर हवी. सासूबाई रात्री श्वासाचं मशीन लावून झोपतात, सीपॅप. त्या एकट्या नकोत.

चाफेकळी
मग सासूबाईंबरोबर तू झोप, मुलगा बाबांबरोबर. आणि मशीनचं आधी का नाही सांगितलंस! ते आवरण्यापेक्षा महत्त्वाचं आहे. क्रूझ कंपनीचा विशेष गरजांचा विभाग असतो, त्यांना बुकिंग होताच कळव. डिस्टिल्ड पाणी आणि एक्स्टेंशन त्यांच्याकडूनच माग. आतल्या केबिनमध्ये प्लग बऱ्याचदा फक्त आरशाच्या टेबलापाशी असतात, पलंगापाशी नसतात. सर्ज प्रोटेक्टरवाली (वीजदाब अचानक वाढला तर उपकरण वाचवणारी) प्लगची पट्टी घरून नेऊ नका, चढतानाच काढून घेतात. आणि मशीन चेक-इनच्या बॅगेत न घालता हातात ठेवा, कारण त्या बॅगा केबिनला पोचायला कधीकधी रात्र होते.

नवीपालवी
धाग्यात मध्येच विचारतो, माफ करा. माझे वडील चाकाच्या खुर्चीत असतात. साध्या केबिनच्या दारातून खुर्ची जाते का?

माजी_खलाशी
नवीपालवी, बहुतेक नाही. साध्या केबिनचं दार साधारण २२-२३ इंच असतं. खुर्चीवाल्यांसाठीच्या केबिन वेगळ्या असतात, त्यांचं दार ३२ इंचांच्या आसपास, बाथरूमला उंबरा नाही आणि न्हाणीत बसायची सोय. त्या मोजक्याच असतात आणि लवकर संपतात. वेगळा धागा काढा, सविस्तर लिहितो.

सांजवारा
एजंटशी बोलले. पहिल्या जहाजावर चौघांची एक केबिन आणि दुसऱ्यावर दोन केबिन यांत फरक आहे, पण भीती वाटत होती तेवढा नाही. सीडीसीचे गुण दोन्ही जहाजांचे चांगले आहेत. नवऱ्याला शिडीचं वाचून दाखवलं, तेव्हा तो तयार झाला. दुसऱ्या जहाजावर दोन केबिन मिळतायत. काही राहिलं असेल तर आत्ता सांगा, अर्ध्या तासात पैसे भरते आहे.

डेक_सात
एकच. "ॲडजॉइनिंग" की "कनेक्टिंग" ते विचारून घ्या. ॲडजॉइनिंग म्हणजे फक्त शेजारी. कनेक्टिंगमध्ये मधे दार असतं. तुमच्या नवऱ्याला आई डोळ्यासमोर हवी असेल तर कनेक्टिंग. त्या दारातून शेजारचा आवाज येतो, पण शेजारी तुमचेच लोक आहेत.

सांजवारा
ॲडजॉइनिंग दिल्या होत्या! बदलून घेतल्या, कनेक्टिंग मिळाल्या. पैसे भरले. आवरायची वेळ सकाळची घेऊ की संध्याकाळची?

काठावरचा
सकाळची. दुपारी परत येऊन पडायला नीट केलेला पलंग मिळतो.

माजी_खलाशी
मी संध्याकाळची घेतली असती. दिवसभर बंदरावर फिरून वाळू-घाम घेऊन येता, आंघोळी होतात, मग जेवायला जाता. परत याल तेव्हा कोरडं बाथरूम आणि सुके टॉवेल मिळतील, सासूबाईंना रात्री उठायचं असेल तर ते बरं. पहिल्या दिवशी केबिनवाला नाव सांगायला येईल तेव्हाच त्याला सगळं एका दमात सांगा: दोन्हीकडे पलंग सुटे हवेत, मधलं दार उघडून हवं, मशीनसाठी एक्स्टेंशन, बाथरूममध्ये पायपुसणं जादा. पहिल्या दिवशी सांगितलेलं तो वहीत लिहून घेतो आणि मग रोज न सांगता होतं.