मदत हवी आहे: भाड्यासाठी वन बीएचके घेतोय, हप्ता भाड्यातून निघेल का?

पगारदार_८८
पुण्यात धानोरीला वन बीएचके मिळतोय, ४६ लाख. एजंट म्हणतो १६ हजार भाडं डोळे मिटून येईल. बँक कर्ज द्यायला तयार आहे. हप्ता भाड्यातून निघेल का, एवढंच सांगा. शनिवारी टोकन द्यायचंय. 'एसआयपी करा' सांगायला कृपया येऊ नका.

हिशेबी
नवं की रीसेल? कर जुन्या पद्धतीने की नव्या? आणि राहता कुठे?

रीटप्रेमी
एसआयपी नाही सांगत. रीटचे, म्हणजे भाड्याच्या इमारतींत पैसे गुंतवणाऱ्या ट्रस्टचे, युनिट घ्या. डिमॅटमध्ये पडून राहतात, भाडेकरू नाही, गळती नाही.

पगारदार_८८
रीसेल, १२ वर्षं जुनी सोसायटी. नवी करप्रणाली. राहतो नाशिकला, पण त्याचा काय संबंध?

हिशेबी
संबंध खाली येईलच. आधी आकडे.

बँक ८०% देईल, म्हणजे ३६.८० लाख. तेही करारातली किंमत आणि बँकेचं मूल्यांकन यातल्या कमी आकड्यावर. मुद्रांक शुल्क ७% म्हणजे ३.२२ लाख, नोंदणी ३० हजार. पत्नीच्या एकटीच्या नावावर घेतलंत तर १% वाचतो. खिशातून पावणेतेरा लाख तरी जाणार, एजंटची दलाली वेगळी.

८.५% ने २० वर्षांचा हप्ता सुमारे ३१,९००. वर्षात एक महिना घर रिकामं राहील असं समजून भाडं ११ महिन्यांचंच धरा, १,७६,०००. मेंटेनन्स, मिळकतकर, भाडेकरूची दलाली, किरकोळ दुरुस्ती वजा केली की महिन्याला १० हजारांच्या आसपास उरतात. बाकी २१-२२ हजार पगारातून.

आता कर. मेंटेनन्स वेगळा वजा होत नाही, तो ३०% सरसकट वजावटीतच आला. कर्जाचं व्याज भाड्याहून जास्त असल्याने भाड्यावर कर बसणार नाही, पण उरलेला तोटा नव्या प्रणालीत पगारातून वळता होत नाही. जुन्या प्रणालीत २ लाखांपर्यंत होतो.

कोथरूडकर
मिळकतकराचं जुनं बिल बघून हिशेब करू नका. मालक स्वतः राहत असेल तर पुणे मनपाची ४०% सवलत त्यात असते, घर भाड्याने दिलं की ती जाते. सोसायटी बिनभोगवटा शुल्कही (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं) लावेल. ते सेवाशुल्काच्या १०% पेक्षा जास्त घेता येत नाही, १ ऑगस्ट २००१ चा शासन आदेश आहे. मेंटेनन्सचं बिल मागाल तर मे महिन्याचं मागा, टँकरचा खर्च त्यातच दिसतो.

आणि नाशिकचा संबंध असा. टोकनआधी बाथरूमच्या नहाणी ट्रॅपला (पाणी जायच्या भोकाला) कापडाचा बोळा लावा, दोन इंच पाणी भरून २४ तास ठेवा. मग खालच्या मजल्यावर जाऊन छत बघा. ट्रॅपभोवती पिवळट कडा किंवा रंगाचे पापुद्रे दिसले तर कोबा उखडून वॉटरप्रूफिंग करावं लागेल. तेवढे दिवस भाडेकरूला न्हाणीघर नाही, आणि तुम्ही नाशिकहून रजा टाकून येणार.

बिनधास्त
एवढं काही नसतं राव. ११ महिन्यांचा करार ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी करा, विषय संपला.

मुद्रांकवाला
नाही संपत. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स (हाच भाडेकरार) कितीही महिन्यांचा असो, नोंदणी सक्तीची, आणि जबाबदारी मालकाची. न केल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड. त्याहून वाईट म्हणजे नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते ग्राह्य. खोटं ठरवायचं ओझं तुमच्यावर. १६ हजार भाडं, ५० हजार डिपॉझिट, ११ महिने याला मुद्रांक ०.२५% ने जेमतेम साडेचारशे रुपये, नोंदणी १,०००. त्यासाठी नोटरी?

बिनधास्त
सगळे नोटरीच करतात.

मुद्रांकवाला
हेल्मेटबद्दलही लोक हेच म्हणतात.

टीडीएस_काका
भाडं महिना ५० हजारांवर असेल तर भाडेकरूने २% टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) कापायचा असतो, विसरू नका.

पगारदार_८८
काका, भाडं १६ हजार आहे हो!

टीडीएस_काका
बरं. विकणारा तरी भारतात राहतो ना?

पगारदार_८८
दुबईत असतात ते. पण किंमत ५० लाखांच्या आत आहे, म्हणजे टीडीएस नाही ना?

टीडीएस_काका
ती मर्यादा निवासी विकणाऱ्यासाठी. अनिवासी असेल तर पहिल्या रुपयापासून कापायचा. दीर्घ मुदतीचा नफा असेल तर १२.५% अधिक उपकर, तोही पूर्ण किमतीवर. त्यांनी आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आणला तरच कमी. नाही कापलात तर वसुली तुमच्याकडून, ते दुबईतच राहतील.

हिशेबी
टोकन पावतीत दोन अटी घाला: कर्ज नामंजूर झालं किंवा सोसायटीचा ना-देय दाखला मिळाला नाही तर पूर्ण परत. रोख देऊ नका. आणि इथे सही कोण करणार?

पगारदार_८८
त्यांच्या मेव्हण्याकडे पॉवर ऑफ ॲटर्नी आहे, तिकडेच केलेली.

मुद्रांकवाला
परदेशात केलेली पॉवर भारतात आल्यापासून ३ महिन्यांत इथे मुद्रांकित करावी लागते. विक्रीचा अधिकार त्यात स्पष्ट लिहिलेला हवा. मूळ कागद पाहिलात का?

पगारदार_८८
एजंटने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवलाय. दुसरं पान नाहीये त्यात.