मदत हवी आहे: थायोनिल क्लोराइड सांडलं तर पहिली दहा मिनिटं काय करायचं, हे कामगारांना कसं समजावू?

सावित्रीकाठ

नमस्कार मंडळी,

रायगड जिल्ह्यातल्या एका एमआयडीसीत छोट्या युनिटमध्ये मी शिफ्ट इनचार्ज आहे. आमच्याकडे थायोनिल क्लोराइड (पाणी लागलं की विषारी धूर सोडणारं पातळ रसायन) ३०० किलोच्या ड्रममध्ये येतं. मागच्या आठवड्यात सेकंड शिफ्टला एक ड्रम पॅलेटवरून उतरवताना कलंडला. बुचाचं गॅस्केट आधीच गेलेलं होतं. ड्रम उभा करेपर्यंत चार-पाच लिटर माल कोब्यावर सांडला. बाहेर धो धो पाऊस.

मी रिॲक्टरच्या प्लॅटफॉर्मवर होतो. खाली उतरेपर्यंत ठेकेदाराच्या एका पोराने होज उघडला होता. "पाणी नको, पाणी नको!" असं ओरडत धावलो, पण तोवर पाणी पोचलं होतं. त्या डबक्यातून पांढरा लोट उठला तो थेट पत्र्याला भिडला. समोरची भिंत दिसेना. घशात कुणीतरी निखारा टाकावा तसं झालं. सगळ्यांना बाहेर काढलं. दोघांचा खोकला थांबत नव्हता, त्यातल्या एकाला रात्रभर दवाखान्यात ठेवावं लागलं. आता तो बरा आहे, कामावरही आलाय.

मला झोप लागत नाही ती त्या होजवाल्या पोरामुळे. त्याची काहीच चूक नव्हती. दोन महिन्यांपूर्वी मीच त्याला शिकवलं होतं, ॲसिड सांडलं की आधी भरपूर पाणी. त्याने तेच केलं.

आता साहेबांनी मला मराठीत एक बोर्ड करायला सांगितलंय. एमएसडीएस, म्हणजे रसायनाची सुरक्षा-माहिती, इंग्रजीत आहे, पानंच्या पानं. आमची निम्मी पोरं सातवी-आठवी शिकलेली. मला अडतंय ते असं: आधी वाळू टाकायची की सोडा ॲश (ॲसिड मारणारी सोड्याची पूड)? आमची शेड एका बाजूने उघडी आहे, पाऊस आत येतो, त्याचं काय करू? आणि सगळ्यात अवघड म्हणजे, जमिनीवर पाणी मारू नका म्हणायचं आणि अंगावर उडालं तर पाण्याखाली उभे राहा म्हणायचं, हे दोन्ही एकाच बोर्डावर लिहिलं तर गोंधळ होणार नाही का? जाणकारांनी कृपया मदत करा.

केमिस्ट्रीवाली

दादा, सगळे बाहेर पडले हे ऐकून बरं वाटलं. आधी आकडे देते. ते कळले की पोरांना समजावणं सोपं जाईल.

थायोनिलला पाणी मिळालं की दोन वायू सुटतात, हायड्रोजन क्लोराइड आणि सल्फर डायऑक्साइड. एक लिटर थायोनिल पूर्ण फुटायला, म्हणजे त्याचं विघटन व्हायला, साधारण पाव लिटर पाणी पुरतं, म्हणजे जेमतेम पेलाभर. आणि त्या एका लिटरातून वायू किती निघतो? दोन्ही मिळून सुमारे १००० लिटर. तुमची शेड २० मीटर लांब, १० रुंद आणि ६ उंच धरली आणि एका लिटरचा वायू तिच्यात सारखा पसरला असं मानलं, तरी नुसतं हायड्रोजन क्लोराइडच साडेपाचशे पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) वर जातं. संरक्षणाशिवाय जिवाला धोका मानायची त्याची पातळी ५० पीपीएम आहे. तुमच्याकडे चार-पाच लिटर सांडलं होतं. ते सगळं फुटलं नाही आणि एक बाजू उघडी होती, म्हणून निभावलं.

दोन्ही वायू हवेपेक्षा जड. लोट आधी वर गेलेला दिसला तरी नंतर तो खाली बसतो, गटारात, पंपाच्या खड्ड्यात शिरतो. पळताना उताराच्या बाजूला जायचं नाही.

आता अंगावरच्या पाण्याचं. यात विरोध नाहीच, फरक प्रमाणाचा आहे. थोडं पाणी थायोनिलला फोडतं. धो धो पाणी जे फुटेल ते लगेच वाहून नेतं आणि कातडीवर काही उरू देत नाही. म्हणून तांब्याने पाणी ओतत बसायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं नाही. सरळ सेफ्टी शॉवरखाली जायचं, कपडे तिथेच उतरवायचे आणि १५ ते २० मिनिटं पाणी चालू ठेवायचं. डोळ्यांत गेलं असेल तर पापण्या बोटांनी उघड्या धरून तितकाच वेळ. कातडीवर सोडा किंवा चुना चोळू देऊ नका, त्याने जखम आणखी चिघळते.

निवृत्त फायरमन

तीस वर्षं याच कामात गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तुम्ही वाळू की सोडा विचारलंत. आधी वाळू. पण मला सांगा, तुमच्या लाल बादल्यांतली वाळू शेवटची कधी हातात घेऊन बघितलीत? कोकणातल्या पावसात उघड्या बादलीतली वाळू कोरडी राहत नाही. मूठ आवळून उघडा. मुटका झाला तर ती वाळू थायोनिलवर टाकायच्या लायकीची नाही. ताईंनी दिलेला हिशेब लावून पाहा: दहा किलो वाळूत पाच टक्के ओल धरली तर अर्धा लिटर पाणी झालं. ते दोन लिटर थायोनिल फोडायला पुरेसं आहे. होज बंद ठेवूनही तुम्ही बादलीने पाणीच घालाल.

लाकडाचा भुसा तर मुळीच नको. तेलगळतीला वापरतात म्हणून लोक हौसेने भुसा आणतात. तो ओल धरतो, वर जळाऊ आहे.

क्रम असा. माणसं बाहेर, वाऱ्याच्या उलट, म्हणजे वारा जिकडून येतो त्या बाजूला. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, म्हणजे विंडसॉक, नसेल तर आजच लावा, निदान एक कापडी पट्टी तरी. चहूबाजूंनी ५० मीटर मोकळं करा. आत कोण जाणार? फक्त श्वसनाचा सिलिंडरवाला सेट आणि पूर्ण केमिकल सूट घातलेले दोघे, आणि बाहेर तसाच तयार तिसरा. डबीवाला मास्क लावून डबक्याजवळ जाऊ देऊ नका, इतक्या वायूत त्याचा भरवसा नाही. तसा सेट तुमच्याकडे नसेल तर तुमचं काम आत जायचं नाही. पावसाळी गटाराचं तोंड लांबून बंद होत असेल तर करा, दरवाजा धरून थांबा आणि फायर ब्रिगेड आल्यावर पहिलं वाक्य हे सांगा: "पाण्याने पेटतं, थायोनिल आहे." पाण्याची गाडी आली की मुलं सवयीने पाण्याची लाइन टाकतात. आम्हीही टाकायचो.

वाळूचा बांध आधी कडेने घालायचा, मग मध्ये. त्यावर ताडपत्री किंवा जाड प्लास्टिक. तुमच्या पावसाच्या प्रश्नाला हेच उत्तर आहे, वरून पाणी येऊ द्यायचं नाही. गोळा केलेली वाळू प्लास्टिकच्या ड्रममध्ये भरायची आणि झाकण घट्ट लावायचं नाही, नुसतं ठेवायचं. आत राहिलेल्या ओलीने वायू होत राहतो. घट्ट बंद ड्रम फुगून फुटलेला मी पाहिलाय.

केमिस्ट्रीवाली

काकांच्या एका वाक्यात दुरुस्ती सुचवते, राग मानू नका. "पाण्याने पेटतं" असं सांगितलं तर लोक आग शोधत बसतील. थायोनिल स्वतः जळत नाही. "पाण्याने विषारी धूर होतो" म्हणा.

सोडा ॲशचं विचारलं होतंत: एका लिटरला हिशेबाने तीन किलोच्या आसपास लागतो, प्रत्यक्षात जास्तच ठेवा. पण तो दुसऱ्या टप्प्यात, वाळूने द्रव शोषल्यावर, कोरडा आणि थोडा थोडा. कार्बन डायऑक्साइड सुटून फसफसतं, एकदम पोतं ओतलं तर उडतं. कॉस्टिक सोड्याचं द्रावण सांडलेल्यावर ओतायचं कुणी म्हटलं तर हात धरा. त्यातही पाणीच आहे.

निवृत्त फायरमन

राग कसला, ताई. बरोबर आहे तुमचं. दादा, "पाण्याने विषारी धूर" असंच लिहा.

टँकरवाला पनवेल

मी केमिकल टँकर चालवतो. गाडीच्या मागे जी पाटी असते तिच्यावर यूएन नंबर, म्हणजे त्या रसायनाचा जगभर एकच असलेला ओळख क्रमांक, असतो. थायोनिलचा १८३६. ओलियमचा (धूर सोडणारं तीव्र सल्फ्युरिक ॲसिड) १८३१, क्लोरोसल्फोनिक ॲसिडचा १७५४. सगळी एकाच जातीची, पाण्याशी न जमणारी. त्याच पाटीवर हॅझकेम कोड (सांडलं तर काय करायचं ते सांगणारा) असतो, त्याचा पहिला आकडा ४ असला तर अर्थ असा की पाणी नाही, फोम नाही, कोरडंच काहीतरी टाकायचं. आम्हाला ट्रेनिंगमध्ये हे एक पक्कं करून घेतात. तुमच्या गोडाऊनच्या दारावर तेवढा "४" हातभर उंच रंगवा. ज्याला वाचता येत नाही त्यालाही आकडा कळतो.

निवृत्त फायरमन

टँकरवाल्यांनी ओलियमचं नाव काढलं म्हणून लिहितो. १९८५ च्या ४ डिसेंबरला दिल्लीत एका कारखान्यातून ओलियमचा वायू सुटला, भोपाळला जेमतेम एक वर्ष झालं होतं. टाकी ज्या सांगाड्यावर होती तो कोसळला होता. तीस हजारी कोर्टातले एक वकील त्यात गेले. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने धोकादायक धंदा करणाऱ्यावर संपूर्ण जबाबदारी टाकली, कुठलीही सबब न ऐकता. तुमच्या साहेबांना हे दाखवा. ड्रमचे रॅक, पॅलेट, गॅस्केट यांवरचा खर्च मागताना उपयोगी पडेल. आणि ड्रम उंच ओट्यावर ठेवा. २०२१ च्या जुलैत महाड, चिपळूण पाण्याखाली गेलं होतं, तुम्ही त्याच भागातले दिसता.

सावित्रीकाठ

काका, ताई, टँकरवाले दादा, तुमचे सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी एकटाच लाल बादल्या बघायला गेलो. पहिल्या बादलीत हात घातला तर वाळू थंडगार लागली. मूठ उघडली, मुटका तसाच्या तसा तळहातावर राहिला, बोटांचे वळ उमटलेले. तिसऱ्या बादलीच्या तळाशी तर पाणीच साचलं होतं. सात बादल्यांपैकी एकही कोरडी नव्हती. त्या दिवशी पोराने होजऐवजी वाळू टाकली असती तरी धूर झालाच असता. हे मला या धाग्याशिवाय कळलं नसतं.

बोर्डाचा मसुदा लिहिलाय, बघा:

"थायोनिल सांडलं? पाणी बंद! पाण्याने विषारी धूर होतो. ओरडून सगळ्यांना सांगा, वारा जिकडून येतो त्या बाजूला बाहेर पडा. इनचार्जला कळवा. सेट घातल्याशिवाय कोणीही परत आत जायचं नाही. अंगावर उडालं? धावत शॉवरखाली, कपडे काढा, २० मिनिटं पाणी सोडू नका."

निवृत्त फायरमन

चांगलं झालंय. "पाणी बंद" आणि "पाणी सोडू नका" हे शब्द मात्र एकमेकांवर आदळतात. घाबरलेला माणूस पूर्ण वाक्य वाचत नाही. दोन बोर्ड करा. एक गोडाऊनच्या दारावर, लाल, त्यावर फक्त जमिनीवरचं. दुसरा शॉवरच्या खांबाला, हिरवा, त्यावर फक्त अंगावरचं. शॉवर ड्रमपासून किती पावलांवर आहे? डोळे मिटून तिथवर चालून बघा. डोळ्यांत गेलेला माणूस तसाच जाणार आहे.

आणि ज्याला खोकला झाला त्याला घरी सोडायची घाई यापुढे करू नका. छातीत पाणी होण्याचा त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो. डॉक्टरांना केमिकलचं नाव लिहून द्या, निदान २४ तास लक्ष ठेवायला सांगा.

सावित्रीकाठ

काका, चालून बघितलं. एकतीस पावलं, आणि मध्ये रिकाम्या ड्रमची रांग आडवी येते. दोनदा ठेचकाळलो. ती रांग दुपारीच हलवून घेतली.

वाळू ट्रे ड्रायरमध्ये वाळवून झाकणाच्या निळ्या ड्रममध्ये भरतोय, आत प्लास्टिकची पिशवी घालून. ताडपत्री आली आहे. श्वसनाचे तीन सेट साहेबांनी मंजूर केलेत, येईपर्यंत सांडलं तर बाहेर थांबायचं असं सगळ्यांना सांगितलंय. दर सोमवारी प्रत्येक ड्रममधली वाळू मुठीत आवळून बघायची. ते काम मी त्या होजवाल्या पोराकडे दिलंय. त्याने स्वतःहून मागितलं.