मदत हवी आहे: 'क्वाइट गुड' म्हणजे नक्की किती चांगलं?

मंडळी, लंडनच्या मॅनेजरबाईंनी माझ्या रिपोर्टवर शेरा मारलाय, 'क्वाइट गुड'. मी खूश! पण सहकारी म्हणतो, हुरळून जाऊ नकोस. अमेरिकन माणूस म्हणाला तर 'फारच छान', ब्रिटिश म्हणाला तर 'बरंय, चालेल'. त्यात 'क्वाइट इम्पॉसिबल'मध्ये ब्रिटिशही 'अगदी, पूर्णपणे' याच अर्थाने वापरतात म्हणे. (शाळेत आम्हाला क्वाइट आणि क्वाएटच्या स्पेलिंगपलीकडे काही शिकवलं नाही.) बोलताना 'क्वाइट'वर जोर दिला की कौतुक हातचं राखून केलंय हे कळतं, पण ईमेलमध्ये कसं ओळखायचं? इंग्लंडात नोकरी केलेल्यांनी प्लीज सांगा. नुसतं 'थँक यू' पाठवू, की रिपोर्ट पुन्हा लिहायला घेऊ? शुक्रवारी तोच क्लायंटकडे जायचाय.